आनंदरावांचं पाचवं शील

माझं लग्न ठरलं तेव्हा मध्यस्थानं सासरची एकच वाईट गोष्ट सांगितली. मुलगा कामाला आहे, घर स्वतःचं आहे, सासू कष्टाळू आहे, नणंद शिकलेली आहे. सासरा तेवढा पितो. "पन कोनाले तरास नाई त्याचा," तो म्हणाला. "पेते अन् चुपचाप पडून राहते."

ते ऐकून माझ्या आईनं सुटकेचा निःश्वास टाकला. आम्ही कन्हानचे. माझे वडील कोळशाच्या खाणीत होते, आणि ते प्यायल्यावर चुपचाप पडून राहत नसत. हाताला लागेल ते भिंतीवर जायचं, मग ते ताट असो की मी. त्यामुळे दारुडा कसा असतो हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. वासावरून, डोळ्यांवरून, दाराची कडी कशी वाजली त्यावरून मी सांगू शकत होते.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे, म्हणजे आनंदराव, भिंतीला धरत धरत माझ्यासमोर आले. मी वाकणार तेवढ्यात मागे सरले. "पाया नोको पडू बेटा, जय भीम म्हन," असं म्हणाले. जीभ जड होती, पाय फाकलेले होते, एक हात भिंतीवर. बघणाऱ्याला वाटावं, सकाळीच लावून आलेत. पण वास नव्हता. डोळे लाल नव्हते. आणि त्या डोळ्यांत जी लाज होती ती प्यायलेल्या माणसाच्या डोळ्यांत मी कधी पाहिली नव्हती.

महिनाभर मी नजर ठेवली. मग एकदा भाजी निवडताना सासूबाईंना म्हटलं, "आई, बाबा पीत नाहीत."

सिंधूताई, माझ्या सासूबाई, हसल्या. त्यांचं ते हसणं मला अजून आठवतं, त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. "पंधरा वर्सं झाले मी यायचं तोंड हुंगून राहिली," त्या म्हणाल्या. "अन् तू महिन्याभराची आलेली, मले शिकवते?"

"मग कधी वास आला?"

"नाई आला. लई हुशार हायेत ते. वास न येनारी पेत असन."

बाबांच्या पिशवीत बाटली कधी सापडली नाही, तर ती लपवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही, असा निष्कर्ष निघाला होता. गुत्त्यावर त्यांना कुणी पाहिलं नव्हतं, म्हणजे ते लांबच्या गुत्त्यावर जात असणार. माणूस एकदा दारुडा ठरला की त्याच्याविरुद्ध पुरावा लागत नाही, आणि त्याच्या बाजूचा पुरावा कुणी ऐकत नाही.

आता त्या घराला दारूचं एवढं वावडं का, ते सांगते. बाबांच्या वडिलांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली आणि घरी परतल्यावर मोहाच्या दारूचा मटका अंगणात आणून फोडला. दुसऱ्या घरांत लहान मुलांना राजाराणीची गोष्ट सांगतात, या घरात मटका फोडल्याची सांगायचे. बाबा ती ऐकतच मोठे झाले. मोठेपणी कोराडीच्या वीज केंद्रात एका ठेकेदाराकडे कामाला लागले. कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्याच्या बाजूला अरुंद वाट असते, तिच्यावरून चालायचं आणि कोळशातले दगड वेचायचे. कामावरून आले की आंघोळ, पांढरा सदरा, आणि विहार. आवाज खणखणीत. वस्तीत लग्न असो, नामकरण असो की कुणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन, वंदना घ्यायला आनंदरावांनाच बोलावणं. ते एकेक शील म्हणायचे आणि सारी वस्ती त्यांच्यामागून म्हणायची. जीव घेणार नाही, न दिलेलं घेणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटं बोलणार नाही, मद्य पिणार नाही. पाचवं शील म्हणताना म्हणे त्यांचा आवाज आपोआप चढायचा.

हे सगळं मी ऐकलेलं आहे. माझ्या वाट्याला तो आवाज आलाच नाही.

सुरुवात एका डोळ्यापासून झाली. चाळिशी यायची होती तेव्हा. एका डोळ्यानं महिनाभर धुरकट दिसायला लागलं. कोराडीत डोळ्याला काहीही झालं की राख गेली म्हणतात. बाबांनीही गुलाबपाणी घातलं, आणि डोळा आपोआप बरा झाला. मग वर्षभरानं पाय. पट्ट्याजवळच्या वाटेवर ते अडखळायला लागले. दोन महिने अडखळले, पुन्हा ठणठणीत झाले. लोक म्हणाले, सोडली वाटते. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पाय गेले, जीभ जड झाली. लोक म्हणाले, पुन्हा लागली. उन्हातून आले की पार ढेपाळायचे, आणि डोक्यावर दोन बादल्या गार पाणी ओतलं की तासाभरात नीट चालायला लागायचे. यापेक्षा आणखी काय हवं होतं लोकांना? "उतरली," म्हणायचे. सिंधूताई अंगणात त्यांच्या डोक्यावर पाणी ओतायच्या आणि शेजारपाजारचे कुंपणावरून बघायचे.

मग ती बुद्धपौर्णिमा. मे महिन्यातली, नागपूरचा मे. विहाराच्या टिनाच्या शेडखाली माणसं दाटीवाटीनं बसलेली. बाबा माईकवर वंदना घेत होते. चौथ्या शीलापर्यंत कसेबसे आले आणि पाचव्याला जीभच वळेना. शब्द तोंडात घोळले, पाय लटपटले आणि ते फुलांच्या टेबलावर कोसळले. लघवी सुटून सदऱ्यासकट धोतर ओलं झालं. विहार समितीचे अध्यक्ष गणपतराव पुढे झाले. उचलायला नव्हे. त्यांनी आधी बाबांच्या हातातला माईक काढून घेतला. मग माईकवरच म्हणाले, "पिऊन पाचवं शील देऊन राहिला गा तू? शरम नाई वाटत?"

त्या दिवसापासून बाबांनी विहारात पाऊल टाकलं नाही. ठेकेदारानं कामावरून काढलं, ते वेगळं. वस्तीतल्या लग्नात जेवायच्या पंगतीतही त्यांना कोपऱ्यात बसवायला लागले. सिंधूताई कॉलनीत चार घरच्या पोळ्या करून संसार ओढू लागल्या, आणि एका बुवाकडून आणलेली दारू सोडवायची पूड वरणात कालवून नवऱ्याला खाऊ घालू लागल्या. चोरून. ती खाऊन त्यांना ओकाऱ्या व्हायच्या.

पुढे एकदा मी बाबांना त्याबद्दल विचारलं. म्हणाले, "माहीत होतं मले. वरन कडू लागत होतं ना."

"मग खाल्लं कशाला?"

"तिले वाटे, आपन काई तरी करून राहिलो. वाटू देल्लं."

मला त्या क्षणी बाबांचाही राग आला होता. इतकं सोसणाऱ्या माणसाचा राग येतोच. पण ओरडून तरी ते काय सांगणार होते? सुरुवातीला सांगितलं होतं. शपथा घेतल्या होत्या, बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभं राहून सांगितलं होतं. एका खासगी दवाखान्यात गेले तर डॉक्टरनं चालणं बघितलं, ताकदीची सुई टोचली आणि दारू सोडा म्हणून सांगितलं. हळूहळू ते गप्प झाले. एकदा मला म्हणाले, "कधी कधी मले सोताले वाटते मेघा, का मी झोपीत पेत तर नसन?" हे सांगताना ते खरंच माझ्याकडे बघत होते, उत्तराची वाट बघितल्यासारखे.

माझी नणंद दीप्ती लकडगंजमध्ये लाकडाच्या एका ठोक व्यापाऱ्याकडे बिलं करायला जायची. कोराडीहून रोज बस. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका सकाळी केस विंचरता विंचरता थांबली आणि म्हणाली, "वहिनी, माह्या डाव्या डोळ्यासमोर धूर धूर दिसून राहिला."

"राख गेली असन," सिंधूताई चुलीकडूनच म्हणाल्या.

राख गेली हे शब्द मी त्या घरात बाबांच्या गोष्टीत ऐकले होते. मी हट्टच धरला. डोळ्याच्या डॉक्टरनं मेंदूच्या डॉक्टरकडे पाठवलं. तोवर दीप्तीच्या डाव्या पायाला मुंग्या यायला लागल्या होत्या. एमआरआय झाला, पाठीतलं पाणी काढून तपासलं. शहरातले ते डॉक्टर तरुण होते, बोलायला सरळ. त्यांनी स्क्रीनवर दीप्तीच्या मेंदूचं चित्र दाखवलं. करड्या मेंदूत मधोमध, पोकळीच्या कडेनं, चार-पाच पांढरे ठिपके.

"याला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात," ते म्हणाले. "शरीराची आपलीच संरक्षण करणारी व्यवस्था चुकून मेंदूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते. जिथं आवरण जातं तिथं असा डाग दिसतो." मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असं काही झालं होतं?"

"कोनाले नाई," सिंधूताई म्हणाल्या.

"हिच्या वडिलांना," मी म्हणाले.

सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "ते दारूचं हाये, डॉक्टरसाहेब."

डॉक्टरांनी मला सगळं विचारलं. डोळा, पाय, जीभ, येणं-जाणं, ऊन, गार पाणी. गार पाण्याचं ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "त्यांना घेऊन या," म्हणाले.

बाबांना मशीनमधून काढलं तेव्हा ते घामानं भिजले होते. डॉक्टरांनी बापलेकीची चित्रं शेजारी शेजारी लावली. दीप्तीच्या मेंदूत ठिपके होते. बाबांच्या मेंदूत ठिपके एकमेकांत मिसळून पांढरे पट्टे झाले होते, काही ठिकाणी काळी भोकं पडली होती, आणि सगळा मेंदूच वाळलेल्या आवळ्यासारखा आक्रसून मधल्या पोकळ्या मोठ्या झाल्या होत्या. "हे आजचं नाही," डॉक्टर म्हणाले. "वीस-पंचवीस वर्षांचं आहे. आधी येऊन-जाऊन होतं, आता उतरायचं थांबलंय."

बाबा चित्राकडे बघत होते. "म्हंजे वायरीवरचं कव्हर सोलून राहिलं," ते म्हणाले.

"अगदी तसंच."

"साहेब," बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका बारीक झाला की डॉक्टरांना पुढे वाकावं लागलं, "तुमी यायले सांगा ना. मी पेत नोव्हतो."

डॉक्टरांनी सिंधूताईंकडे पाहिलं. "हे डाग दारूचे नाहीत," ते म्हणाले. एवढंच.

दीप्ती मात्र दोन चित्रांकडेच बघत होती. तिनं विचारलं, "माह्यं पन असंच होईन का?" डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, पण वडिलांचा आजार कुणी ओळखलाच नाही, औषध मिळालंच नाही, तुमचा लवकर कळला आहे, आता औषधं आहेत, पुष्कळ जण कामधंदा संसार सगळं करतात. मी माझ्या रितिकाचं विचारलं, चार वर्षांची आहे ती. हा आजार बापाकडून लेकराकडे जातोच असं नाही, म्हणाले. आईबापांपैकी कुणाला असेल तर शंभर लेकरांत दोन-तिघांना होतो, नातवंडांत त्याहून कमी. मला आकडा कळला. तरी त्या दिवसापासून रितिका खेळताना धडपडली की मी हातातलं काम टाकून तिची चाल बघत राहते.

परतीच्या बसमध्ये सिंधूताई दोन्ही चित्रांची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला वाटलं होतं, घरी जाऊन रडतील, नवऱ्याची माफी मागतील. मी मनातल्या मनात तो प्रसंग रंगवलाही होता. त्यांनी हातपाय धुतले, पीठ मळायला घेतलं आणि मळता मळता म्हणाल्या, "पेत असते तर बरं होतं. दारू सोडता तरी येते."

बाबा खाटेवर बसून ऐकत होते. पण त्या बाईनं त्या दिवसापासून त्यांचं तोंड हुंगणं बंद केलं, हे मी पाहिलं.

आणि बाबा? बाबा बदलले. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही, औषधाचा आता फारसा उपयोग नाही. त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. ते पहाटे उठून, ओला टॉवेल डोक्यावर घेऊन, अंगणात वंदना म्हणायची सवय करू लागले. शब्द अडखळायचे. पुन्हा म्हणायचे. "येत्या बुद्धपौर्निमेले विहारात जातो," मला म्हणाले. "गनपतरावले सांगतो, माईक दे गा बापू. एकडाव पाचवं शील सगळ्याइसमोर म्हनू दे. मंग भलेही मले उचलून न्या." त्यांना आयुष्यात आणखी काही नको होतं. हरामखोर वस्तीसमोर एकदा ताठ उभं राहायचं होतं, बस. मी तर हवेत होते. कुणाकुणाला काय काय सुनवायचं याची माझी पूर्ण तयारी झाली होती.

मग दीप्तीच्या लग्नाचं निघालं.

मुलगा तिच्याच दुकानातला, प्रशिक. दोघांचं आधीपासून होतं. दीप्तीनं त्याला आजार पहिल्याच आठवड्यात सांगितला होता, सलाईनमधून औषध चालू होतं तेव्हा तो रोज दवाखान्यात येऊन बसायचा. त्याला काही अडचण नव्हती. अडचण त्याच्या आईची होती. "मायले मीच सांगीन, पन लग्न झाल्यावर," तो म्हणाला. "आता सांगतलं तर ते विहीर जवळ करन, पन हो नाई म्हननार." हे लपवणं मला पटलं नव्हतं, दीप्तीलाही नाही. पण तिला तो हवा होता, आणि आजारानं आधीच तिचं पुष्कळ काही नेलं होतं.

प्रशिकची आई पुष्पलताबाई घर बघायला आल्या. चहा झाला, चिवडा झाला. दीप्ती ट्रे घेऊन आत निघाली, डावा पाय किंचित ओढत. त्याच वेळी बाबा बाहेरून भिंत धरत आले. पुष्पलताबाईंची नजर एकीवरून दुसऱ्यावर गेली आणि तिथंच थांबली.

"बापलेकीची चाल एकच दिसून राहिली," त्या म्हणाल्या.

"पाय लचकला तिचा," सिंधूताई घाईनं म्हणाल्या, आणि बाबांकडे बोट केलं. "अन् यायचं तर तुमाले माहीतच हाये."

पुष्पलताबाई लगेच उठून गेल्या. त्या कुणाच्या बहीण असाव्यात? गणपतरावांच्या. त्याच, माईक काढून घेणाऱ्या. दोन दिवसांनी गणपतराव आमच्या घरी आले, बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या अंगणात खुर्चीवर बसले.

"आनंदराव, सरळ बोलतो गा," ते म्हणाले. "माह्या बहिनीच्या मनात किडा शिरला. ते म्हनते, हे खानदानी बिमारी तर नाई? दारू असन तर चालते म्हनते. मानूस सुधरू शकते. पन रक्तात बिमारी असन तर सोयरीक नाई." मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. आवाजात खरंच माया होती, आणि तीच मला सहन झाली नाही. "मी तिले सांगतलं, मी वीस वर्सांपासून पाहून राहिलो, दारूच हाये. आता तू एक काम कर. उद्या विहारात ये. सगळ्याइसमोर सांग, पेत होतो, सोडली. मी सोता माईक तुह्या हातात देतो. शील पन तूच दे. बहीन समोरच बसन. झालं, लगन पक्कं."

बाबा भिंत धरून उठले. "उद्या सांगतो," म्हणाले.

गणपतरावांची पाठ वळताच माझा तोल गेला. "बिलकुल नाही बाबा! मी जाते उद्या, मी सांगते सगळ्यांना. बघू दे त्यांना ते चित्र. त्या माणसानं तुम्हाला बरबाद केलं आणि आता तुमच्याच तोंडून हो म्हणवून घेतो?"

दीप्ती आतून आली. "बाबा, तुमी खरं सांगा," ती म्हणाली. "नाई झालं लग्न तर नाई झालं. माह्यासाठी तुमी अजून खाली मान घालू नका."

"बस इथं," बाबा म्हणाले. ती त्यांच्याजवळ खाटेवर बसली. "माह्यं नाव साफ केलं तर तुह्यं खराब होते. मंग ते पियुषचं होते, रितिकाचं होते. मी एकटा दारुड्या राहिलो तर तुमी सगळे चांगले राहता." पियुष म्हणजे माझा नवरा. तो दारात उभा होता.

"पण हे खोटं आहे," मी म्हणाले.

"हाव ना," बाबा म्हणाले. "तेच तर पाहून राहिलो."

दुसऱ्या दिवशी सूर्य कलल्यावर आम्ही निघालो. मी आणि दीप्तीनं बाबांच्या डोक्यावर गार पाणी ओतलं, ओला टॉवेल मानेवर टाकला, पांढरा सदरा घातला. विहाराच्या शेडमध्ये आता कूलर लावलेत. पहिल्या रांगेत पुष्पलताबाई, शेजारी प्रशिक, मान खाली घातलेला. गणपतरावांनी शब्द पाळला. बाबांना हाताला धरून नेलं, टेबलाजवळ उभं केलं आणि माईक त्यांच्या हातात दिला.

बाबांनी माईक दोन्ही हातांनी धरला. तो मिळायला त्यांना एक अख्खी उमर लागली होती.

"मी आनंदराव," ते म्हणाले. शब्द जड येत होते, पण कळत होते. "लई वर्सं... पेत होतो. माह्या बायकोले अन् लेकराइले तरास देल्ला. विहाराचा अपमान केला. आता सोडली. मले माफ करा."

टाळ्या पडल्या. माझ्या देखत, त्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाया डोळे पुसत होत्या. गणपतरावांनी बाबांना मिठी मारली. सिंधूताईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता; वीस वर्षं त्यांना जे ऐकायचं होतं ते नवरा अखेर बोलला होता, आणि आता ते खोटं आहे हे त्यांना माहीत होतं. पुष्पलताबाई प्रशिकच्या कानाशी लागून काही तरी म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा सैल झाला. मला ओरडावंसं वाटत होतं. दीप्तीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली.

मग बाबांनी शील द्यायला सुरुवात केली. पहिलं म्हणाले, लोक मागून म्हणाले. दुसरं. तिसरं. सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा. तिसऱ्यानंतर ते थांबले. लोक वाट बघत राहिले. गणपतराव वाकून चौथ्या शीलाचा पहिला शब्द त्यांच्या कानात पुटपुटले. बाबांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मान सरळ केली आणि एकदम पाचवं म्हणायला घेतलं. मद्याचं. एक अक्षर न अडखळता, इतक्या मोठ्यानं की कूलरचा आवाज ऐकू येईना. तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

माझ्या मागची एक बाई शेजारणीला म्हणाली, "पाय ना वं, दारूनं डोक्सं गेलं बुढ्याचं. चवथं इसरला." गणपतरावांनी माईक घेऊन चौथं स्वतः म्हटलं, खोटं न बोलण्याचं, आणि लोकांनी त्यांच्यामागून म्हटलं.

घरी परतताना सिंधूताई आणि दीप्ती पुढे होत्या. बाबांचा हात माझ्या खांद्यावर होता, त्यांचं सगळं वजन त्या हातात उतरलं होतं.

"मेघा, पाचवं बराबर झालं ना वं?"

"हो बाबा. एकदम बरोबर."

"अन् चवथं?"

"लोक म्हणतात, तुम्ही विसरले."

"म्हनू दे." ते जरा थांबले, दम घेतला. "नुकतंच मोडलं होतं वं मी ते. अन् लगेच लोकाइले कसं देनार?"

पुढे सिंधूताई थबकल्या. त्यांनी ऐकलं होतं. पण त्या वळल्या नाहीत, तशाच घराकडे चालत राहिल्या.